तीस खाटांच्या साडेबावीस कशा होतात?



पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या घराशी येऊन थांबणारा आहे, म्हणून सवडीने का होईना, शेवटपर्यंत वाचा.

'खाट शिल्लक नाही.' घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यातून पेशंट घेऊन नाशिकला गेलेल्या किती घरांनी हे वाक्य ऐकलंय, ते वेगळं सांगायला नको. मग गावात चर्चा होते, निवेदनं दिली जातात, फोटो निघतात. मागणी ठरलेली असते, खाटा वाढवा. निवडणूक जवळ आली की आश्वासनही ठरलेलं असतं, खाटा वाढवू.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात एका खाटेवर दोन जण आणि खाली सतरंजीवर तिसरा. त्याच दिवशी तालुक्याच्या एखाद्या छोट्या सरकारी रुग्णालयात चादर नीट घातलेल्या खाटा रिकाम्या. हे फक्त आपल्याकडचं नाही, महाराष्ट्रात कितीतरी जिल्ह्यांत असंच दिसतं. खाटा कमी आहेत म्हणावं तर इथे रिकाम्या का? आणि पुरेशा आहेत म्हणावं तर तिथे माणूस जमिनीवर का?

माझं म्हणणं असं की दोन्हीचं मूळ एकच आहे. ते म्हणजे उशीर. तपासणीला उशीर, भूलतज्ज्ञ यायला उशीर, रक्त मिळायला उशीर, कागदावर सही व्हायला उशीर. उशीर खाट खातो. आणि ही गोष्ट काही आज कळलेली नाही. तिला दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक नाव आपल्या नाशिकचंही आहे.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली परिचारिका आठवते. पण ही बाई आकड्यांची पक्की होती. 1860 साली लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, तेव्हा सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात माहिती ठेवावी असा तिचा प्रस्ताव तिथे मांडला गेला. किती दाखल झाले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, हे तर त्यात होतंच. शिवाय एक रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, हाही रकाना होता. तोवर रुग्णालयाची मोठाई खाटांच्या संख्येवर मोजली जायची. त्या खाटेवर माणूस किती दिवस अडकून राहतो, हे मोजायला हवं, असा तिचा आग्रह होता. रुग्णालयात गरजेपेक्षा जास्त राहिलेला माणूस तिथेच नवा आजार घेतो, हेही ती सांगत होती.

आता नाशिककडे येऊ. सर जोसेफ भोर यांचा जन्म 1878 साली नाशिकचा. पुढे ते आयसीएस झाले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. 1943 साली ब्रिटिश सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच भोर. 1946 साली अहवाल आला. आज प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर मोठं रुग्णालय, त्याच्यावर जिल्हा रुग्णालय अशी जी उतरंड आपण बघतो, तिचा पाया त्या अहवालात आहे. आपल्या जिल्ह्यात किती जणांना हे नाव माहीत आहे, देव जाणे.

भोर समितीने जे मोजलं ते वाचून आजही पोटात गोळा येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार माणसांमागे 0.24 खाटा होत्या. म्हणजे साधारण चार हजार माणसांमागे एक. त्याच वेळी इंग्लंड-वेल्समध्ये हजारामागे 7.14 आणि अमेरिकेत 10.48. क्षयाचे संसर्ग पसरवणारे रुग्ण अंदाजे 25 लाख, वर्षाला मृत्यू सुमारे 5 लाख आणि देशभरात क्षयासाठी खाटा जेमतेम 6,000.

भोर यांनी काय सुचवलं? दहा ते वीस हजार लोकवस्तीला 75 खाटांचं रुग्णालय, त्याच्यावर 650 खाटांचं, आणि जिल्ह्याला 2,500 खाटांचं. पण त्यांची योजना नुसत्या खाटांची नव्हती. प्रत्येक पायरीवर डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका आणि वरच्या पायरीशी पक्का संबंध, अशी ती सगळी बांधणी होती. खालच्या पायरीवर जे होऊ शकतं ते तिथेच व्हावं, वर फक्त अवघड केस जावी. आपण पुढच्या काळात या आराखड्यातलं काय उचललं? इमारत आणि खाटा. कारण त्या दिसतात, त्यांचं उद्घाटन करता येतं. भूलतज्ज्ञाच्या हजेरीपुढे नारळ फोडता येत नाही.

त्या क्षयाच्या 6,000 खाटांचं पुढे काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. तेव्हा क्षयाचा रुग्ण म्हणजे सॅनेटोरियम, आणि सॅनेटोरियम म्हणजे महिनोन् महिने मुक्काम. त्या हिशेबाने 25 लाख रुग्णांना खाटा द्यायच्या तर देश विकावा लागला असता. 1956 साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध दिलं, काहींना घरीच ठेवून तेच औषध दिलं. 1959 साली निष्कर्ष आले. घरी राहून औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा त्याने बदलली. एकही खाट न वाढवता लाखो रुग्णांची सोय झाली. मुक्काम कमी केला की खाट 'तयार' होते, याचा याहून मोठा पुरावा आपल्या देशात दुसरा नाही.

आता थोडा हिशेब करू. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे.

समजा 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. प्रत्येक रुग्णाला बरं व्हायला सरासरी 3 दिवस लागतात. म्हणजे रोज 10 खाटा मोकळ्या होतात, रोज 10 नवे रुग्ण घेता येतात. आता समजा रक्ताचा रिपोर्ट उशिरा आला, सोनोग्राफीवाले परवा येणार, डॉक्टर मीटिंगला गेले म्हणून सुट्टीचा कागद उद्यावर गेला, आणि प्रत्येकाचा मुक्काम एक दिवस वाढला. 3 चे 4 दिवस झाले. आता 30 भागिले 4, म्हणजे रोज साडेसातच रुग्ण घेता येतील.

पूर्वीच्या वेगाने रोज साडेसात रुग्ण घ्यायला किती खाटा लागत होत्या? साडेबावीस. म्हणजे तुमच्या 30 खाटांच्या रुग्णालयातल्या साडेसात खाटा गेल्या. कुणी चोरल्या नाहीत, मोडल्या नाहीत, रजिस्टरला 30 च आहेत. एका दिवसाच्या उशिराने खाल्ल्या. वर्षाचा हिशेब केला तर नऊशेच्या वर रुग्ण परत गेले. प्रत्यक्षात रोजचा आकडा इतका सरळ नसतो, पण तत्त्व हेच. अमेरिकेतल्या जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी 1961 साली हे गणिताने सिद्ध केलं. आत असलेली माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. रुग्णालय असो, बँक असो, नाहीतर रेशनचं दुकान, सगळीकडे हाच नियम लागू.

आपल्याला तर हे टोलनाक्यावर शिकायला मिळालं. घोटीच्या टोलवर सुट्या पैशांसाठी हुज्जत चालायची आणि मागे गाड्यांची रांग लागायची, ते दिवस आठवा. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रांग आखडली ती एका गाडीला लागणारा वेळ कमी झाला म्हणून. रुग्णालयात मात्र आपण अजून नव्या लेनच मागतोय, खिडकीवर सुटे पैसे शोधणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

अजून एक गोष्ट. खाटा शंभर टक्के भरलेल्या असणं हे चांगल्या कारभाराचं लक्षण आहे, असं पुष्कळांना वाटतं. ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी 1999 साली संगणकावर तातडीच्या रुग्णांचं चित्र उभं करून हे तपासलं. सरासरी 85 टक्क्यांच्या वर खाटा भरलेल्या राहू लागल्या की धोका दिसायला लागतो, आणि 90 टक्क्यांच्या वर गेलं की खाटांची टंचाई वारंवार येते, असं त्यांना आढळलं. कारण आजारी माणसं वेळापत्रक बघून येत नाहीत. आपल्याकडे तर आवणीच्या दिवसांत सर्पदंश, जुलाब-उलट्या, ताप, आणि घाटातला अपघात, सगळं एकाच आठवड्यात येऊ शकतं. रुग्णालय जितकं लहान, तितका हा झटका मोठा. चार मोकळ्या खाटा म्हणजे वाया गेलेल्या खाटा नव्हेत, त्या रात्री दोनच्या सर्पदंशासाठी राखलेल्या असतात.

आता उशीर नेमका कुठे होतो ते बघू. 1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करून 'तीन उशीर' सांगितले. पहिला, दवाखान्यात जायचं हे ठरवायला झालेला उशीर. दुसरा, तिथे पोहोचायला झालेला उशीर. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर.

पहिल्या दोनवर आपल्याकडे काम झालंय, ते मान्य केलं पाहिजे. गावोगाव आशाताई आहेत. 2014 च्या जानेवारीत राज्यात 937 गाड्या घेऊन 108 सेवा सुरू झाली. रस्ते सुधारले. 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तिसरा उशीर मात्र इमारतीच्या आत असतो, आणि तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ, कुठल्याही तालुक्यातलं. बाई अडली म्हणून संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात आणली. सिझर करावं लागेल असं दिसतंय. शस्त्रक्रियेची खोली आहे, खाट आहे, भूलतज्ज्ञ नाही. फोनाफोनी होते. तास जातो, दोन तास जातात. रक्त लागलं तर साठवण केंद्र चालू नाही. शेवटी चिठ्ठी मिळते, 'नाशिकला न्या'. बाई पोहोचते तेव्हा रात्र झालेली आणि हालत बिघडलेली. वेळेवर सिझर झालं असतं तर थोड्या दिवसांत घरी गेली असती. आता जंतुसंसर्ग, रक्त चढवणं, बाळ काचेच्या पेटीत, मुक्काम दुप्पट-तिप्पट.

या एका केसमध्ये दोन्ही चित्रं तयार झाली. खालच्या रुग्णालयात तिची खाट रिकामी राहिली. वरच्या रुग्णालयात तिने जास्त दिवस खाट अडवली, आणि बाळाने दुसरी. खालचा दोन तासांचा उशीर वर जाऊन आठवडा झाला.

पुढची पायरी तर आणखी वाईट. असं चार वेळा झालं की लोक शहाणे होतात. 'तिथं कशाला थांबायचं, शेवटी नाशिकलाच पाठवणार,' म्हणून साधा ताप, साधं बाळंतपणही थेट वर जातं. खालच्या खाटांचा वापर अजून घटतो. मग वरून विचारणा होते, वापरच नाही तर जादा माणसं कशाला द्यायची? पदं रिकामी राहतात. पदं रिकामी म्हणून उशीर, उशीर म्हणून खाटा रिकाम्या, खाटा रिकाम्या म्हणून पदं रिकामी. घाण्याचा बैल फिरतोय.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. 2020 आठवा. कोरोनाच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले नमुने तपासायला पुण्याला आणि धुळ्याला जात. मालेगाव पेटलेलं होतं. तेव्हाचा नियम असा होता की रुग्णाला सोडायचं तर लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह याव्या लागत. माणूस ठणठणीत, ताप नाही, खोकला नाही, आणि खाटेवर बसून रिपोर्टची वाट बघतोय. बाहेर धाप लागलेला माणूस खाटेची वाट बघतोय. 8 मे 2020 ला केंद्राने नियम बदलला. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला, लक्षणं दिसल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, तर चाचणी न करता घरी सोडायचं ठरलं. एका परिपत्रकाने देशभरातल्या किती खाटा मोकळ्या झाल्या असतील, विचार करा. ना वीट लागली ना सिमेंट.

2021 ने दुसरा धडा दिला, आणि तो फार महागात पडला. 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि त्या दिवशी 22 जीव गेले. खाटा जागेवरच होत्या. त्या दिवसांत गावातली साधी माणसंही 'ऑक्सिजन बेड', 'व्हेंटिलेटर बेड' असे शब्द वापरायला शिकली. म्हणजे नुसत्या खाटेला अर्थ नाही, तिच्यामागे काय उभं आहे याला आहे, हे आपल्याला तेव्हा कळलं होतं. साथ ओसरली आणि आपण पुन्हा नुसत्या खाटा मोजायला लागलो.

मग नांदेड. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर तिथल्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं. मंजूर खाटा 500 आणि दाखल रुग्ण त्याहून कितीतरी जास्त. औषधं कमी होती की नव्हती यावर आरोप-प्रत्यारोप झाले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्रशासनाच्या सांगण्यात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येत होता, रुग्ण बाहेरून शेवटच्या अवस्थेत पाठवले जातात. तो मुद्दा खरा धरला तरी प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. शेवटची अवस्था येईपर्यंत ते कुठे होते, आणि तिथे उशीर कशाचा झाला?

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर कुणी उलटा अर्थ काढेल. उशीर कमी करा म्हणजे पेशंटला लवकर हाकला, असं मी म्हणत नाही. बाळंतिणीला साधं बाळंतपण झालं तरी दोन दिवस ठेवायचं असतं, कारण पहिल्या 48 तासांत धोका जास्त असतो. जून 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिला त्या काळात मोफत जेवण आणि घरी सोडायला मोफत गाडी, दोन्हीची तरतूद आहे. साप चावलेल्याला देखरेखीखाली ठेवावंच लागतं. हे दिवस उपचाराचे आहेत. माझा आक्षेप नुसत्या वाट बघण्याच्या दिवसांवर आहे. रिपोर्टची वाट, योजनेच्या मंजुरीची वाट, शनिवारी बरा झालेल्याने सोमवारच्या राउंडची बघितलेली वाट, सुट्टी मिळूनही गाडी नाही म्हणून काढलेली रात्र. या दिवसांत पेशंट बरा होत नाही, घरच्यांचा रोज बुडतो, आणि बाहेर दुसरा पेशंट थांबलेला असतो. डॉक्टर-सिस्टरांवरही माझा रोख नाही. दोन माणसांचं काम एकाने करायचं म्हटल्यावर उशीर त्यांच्या हातात राहत नाही.

आपला प्रश्न आता आणखी टोकदार होणार आहे. एकीकडे मुंबई-आग्रा महामार्ग, दुसरीकडे समृद्धी, मध्ये रेल्वे, शेजारी कसारा घाट. पलीकडे अकोले, मोखाडा, त्र्यंबक पट्ट्यातली माणसं बाजाराला घोटीत येतात, तशी दवाखान्यालाही येतात. म्हणून पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून 'आम्ही इतक्या खाटा मंजूर करून आणल्या' म्हणालं, तर टाळ्या जरूर वाजवा. खाटा नकोत असं कोण म्हणेल? पण टाळ्या वाजवून झाल्या की चार प्रश्न विचारा.

एक, रात्री आठनंतर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतो आणि महिन्यातल्या किती रात्री येतो?

दोन, रक्ताचा नमुना घेतल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत किती तास जातात? रक्त साठवण केंद्र चालू आहे की कुलूपबंद?

तीन, गेल्या महिन्यात इथून किती रुग्ण वर पाठवले, आणि कशासाठी? पाठवण्याआधी ते इथे किती वेळ थांबले होते?

चार, डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटल्यापासून पेशंट प्रत्यक्ष फाटकाबाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो?

या चारही प्रश्नांची उत्तरं रजिस्टरमध्ये सापडायला हवीत. दाखल झाल्याची वेळ, चिठ्ठीची वेळ, सुट्टीची वेळ लिहायची पद्धत असतेच. रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात, त्यांनी हे आकडे दर महिन्याला मागावेत आणि फलकावर लावावेत. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहे. कोणाचं नाव नको, आजार नको, नुसत्या वेळा द्या.

नाशिकच्या मातीत जन्मलेल्या एका माणसाने 1946 साली देशाला आरोग्याची उतरंड आखून दिली. तिची सर्वात खालची पायरी भक्कम असावी, हा तिचा कणा होता. ती पायरी आपल्याच तालुक्यात किती भक्कम आहे, हे मोजायला नवीन समिती लागत नाही. घड्याळ लागतं.

तुमच्या गावाकडच्या रुग्णालयात सगळ्यात जास्त वेळ कशाची वाट बघण्यात जातो, ते कमेंटमध्ये लिहा. पेशंटचं, डॉक्टरचं नाव नको. फक्त गाव, काय हवं होतं आणि किती तास लागले, एवढंच. पुरेशी माहिती जमली की तक्ता करून आरोग्य विभागाकडे रीतसर देऊ.